सांभाळण्याची शेजपाळी

आमच्या गावात सत्तरी ओलांडलेल्या दर पाच माणसांपैकी तिघांना म्हातारपणी दुसऱ्यानं सांभाळावं लागतं, आणि ते तिघे कोण हे त्या पाच जणांनी आपसांत ठरवून एकतीस मार्चच्या आत नगरपरिषदेला लेखी कळवायचं असतं.

पूर्वी ही पद्धत नव्हती. कुणाचं काय होणार ते आयत्या वेळी कळायचं आणि घराघरांत तारांबळ उडायची. मग नगरपरिषदेनं वीस वर्षांची मोजदाद केली. प्रमाण पाचाला तीन निघालं. आता प्रमाण हाताशी आहे आणि नावं नाहीत, हे काही कार्यालयाला बरं दिसेना. तेव्हापासून आळीआळीत पाचांचे गट आहेत. यादीत नाव गेलेल्या माणसाची गरज एक जुलैला सकाळी दहा वाजता, कार्यालय उघडलं की सुरू होते. उरलेल्या दोघांना ती कधीच लागत नाही.

तांबट आळीतले नाना रोकडे वगळलेल्यांपैकी. मागच्या वर्षी ते पाण्याच्या टाकीवरून खाली पडले. उठले, धोतर झटकलं आणि शिडी तिरकी लावली म्हणून सुनेला चार शब्द सुनावून जेवायला बसले. उलट शाळेचे ड्रिलमास्तर यादीत होते. तीस जूनच्या संध्याकाळी त्यांनी मैदानाला अकरा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना आपण होऊन खुर्चीत जाऊन बसले आणि दहाला मुलाला म्हणाले, "बाळ्या, जरा उठव मला." गावाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

अर्जात तीन ओळी असतात. पहिल्या ओळीवर ज्याचं नाव त्याचे पाय जातात, दुसऱ्या ओळीवर हात आणि तिसऱ्या ओळीवर आठवण. सांभाळायचं वगळलेल्या दोघांनी. मुलगा किंवा सूनही चालते, पण ती हाकेच्या अंतरावर राहत असेल तर. हे अंतर कार्यालयाचा माणूस समक्ष येऊन तपासतो. तो ओट्यावर उभा राहून तुमच्या मुलांना नावानं हाक मारतो आणि कोण ओ देतं ते लिहून घेतो. आमचा मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. दोघांनीही ओ दिली नाही. फोनवरची ओ धरत नाहीत.

आमच्या कालवा आळीत गेल्या वर्षी पाचवा माणूस सत्तरीला पोचला आणि गट पुरा झाला. पहिला मी, दिगंबर शेटे, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त. दुसरी माझी बायको मालन. तिसऱ्या आणि चौथ्या समोरच्या हौसाबाई आणि लीलाबाई गुरव. सख्ख्या जावा, दोघीही विधवा, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोघींच्या दोन चुली. पाचवे कोपऱ्यावरचे बाबुराव खोत. बाबुरावांनी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली आणि त्या गडबडीत स्वतःचं राहून गेलं.

पहिली बैठक बाबुरावांच्या ओट्यावर झाली. नियम असा की स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. दुसऱ्यानं सुचवावं आणि तिसऱ्यानं अनुमोदन द्यावं लागतं. आपल्या माणसांत हे फार जड जातं. ज्याच्या घरून रोज कढीपत्ता आणायचा, त्याला तोंडावर 'तुमचे पाय जावेत असं मी सुचवतो' हे म्हणायचं कसं? तीनदा चहा झाला. आंब्याच्या मोहराचा विषय निघाला. बैठक तहकूब झाली.

दुसऱ्या बैठकीत लीलाबाईंनी कोंडी फोडली. "थोरल्या बाईंचे हात लिहा," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं पदराखालीच ठेवलेत त्यांनी. गेले तरी कळायचं नाही कुणाला."

"मग हिची आठवण लिहा," हौसाबाई म्हणाल्या. "सासूबाईंचं शेवटचं कुणी केलं, ते हिला आताही आठवत नाही."

मी दोन्ही नावं लिहिणार, तेवढ्यात दोघींच्याही एकदमच लक्षात आलं की दोघी यादीत गेल्या तर एकीनं दुसरीचं करायचं राहूनच जाईल. दोघींनाही यादीत जायचं होतं, पण आपलं करायला दुसरी बाहेर हवी होती. दोघींनी सूचना मागे घेतल्या आणि ही बैठकही तहकूब झाली.

घरी येताना मी मालनला म्हटलं, "मी जातो यादीत. पायांच्या ओळीवर."

"आणि तुम्हाला उचलायचं कुणी? माझे गुडघे वाजतात ते ऐकू येतात ना तुम्हाला?"

"मग तू जा. मी करतो तुझं."

"तुम्हाला वरणाला फोडणी देता येत नाही," मालन म्हणाली आणि कुलूप काढून आत गेली.

खरं सांगायचं तर तिचं काही जावं असं मला वाटत नव्हतं, आणि माझं करता करता तिनं झिजून जावं असंही वाटत नव्हतं. तिचंही तसंच असणार. अर्जात या दोन्हींची सोय होईल असा रकाना नव्हता. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात एखादी गोष्ट दोघांनाही नको असली की आम्ही ती माळ्यावर टाकतो, पण या गोष्टीला एकतीस मार्चची मुदत होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच बाबुरावांकडे गेलो आणि माझं नाव पायांना सुचवा म्हणून सांगितलं.

"सुचवतो की," बाबुराव म्हणाले. "पण साहेब, वहिनी सकाळीच येऊन गेल्या. त्यांचं नाव आठवणीला सुचवा म्हणत हुत्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो. तुम्हालाबी हो म्हणालो. वाजवणाऱ्याला नाही म्हणायची सवय नसती." मग थोडा वेळ क्लॅरिनेटची पेटी पुसत राहिले. "माझं नाव कोण सुचवंल, साहेब?"

"तुमचं कशाला? धडधाकट आहात. वगळलेल्यांत राहा आणि सुखानं वाजवा."

"यादीत गेल्यावर नियमानं कुणीतरी यावं लागतं ना घरी? च्या घेतला का, इचारावं लागतं?"

"लागतं. कलम सहा."

"मग जातो की मी," बाबुराव म्हणाले. "चाळीस वर्षं लग्नं वाजवून घरी आलो आणि माझं दार मीच उघडलं. एकदा कुणीतरी इचारू दे."

घरी येऊन मी मोजलं. आमच्या गटात पाचाच्या पाच जणांना यादीत जायचं होतं आणि जागा होत्या तीन. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हे म्हातारपण वगैरे काही नाही, ही सरळसरळ पाण्याची टंचाई आहे. पाणी थोडं आणि मागणारे फार, असं असलं की काय करायचं, ते तर मी एकतीस वर्षं केलं होतं.

त्यावर कालव्यावर शेजपाळी लावतात. ठरलेल्या वेळी एकाचं शेत भिजतं, मग दार फिरवून शेजारच्याचं, मग त्याच्या पुढच्याचं. कुणी कायमचा कोरडा राहत नाही आणि कुणी कायमचा पाण्यात राहत नाही. नगरपरिषदेचं परिपत्रक मी भिंग लावून वाचलं. त्यात 'कोणत्याही वेळी पाचांपैकी तीन' एवढंच होतं. तेच तीन, असं कुठेही नव्हतं.

मी आलेख कागद काढला आणि पाळीपत्रक आखायला बसलो. रोज सकाळी दहाला दार फिरणार. प्रत्येकाचे एक दिवस पाय जाणार, दुसऱ्या दिवशी पाय येऊन हात जाणार, तिसऱ्या दिवशी आठवण. मग दोन दिवस माणूस मोकळा आणि त्या दोन दिवसांत त्यानं बाकीच्यांचं करायचं. पाच माणसं, पाच दिवस. कधीही बघा, तिघे यादीत आणि दोघे उभे.

अडलं ते आमच्या घराशीच. मालन विसरेल त्या दिवशी मी मोकळा हवा होतो आणि मी विसरेन त्या दिवशी ती मोकळी हवी होती. माझी मागणी एवढीच होती. चार दिवस मी खोडत होतो आणि लिहीत होतो. ते बसत नाही. एकाचं बसवलं की दुसऱ्याचं सुटतं. पाच शेतांना पाणी देणाऱ्या चारीवर कुठल्याही कालवा निरीक्षकाला ते बसणार नाही. शेवटी मी तिचं बसवलं. माझ्या आठवणीच्या दिवशी तिचे पाय जात होते, त्याला माझा इलाज नव्हता. हे मी तिला सांगितलं नाही आणि पत्रक घडी घालून पंचांगात ठेवलं.

तिनं ते काढून दोन मिनिटांत वाचलं. माझ्या खात्यातली पत्रकंही ती अशीच वाचायची.

"तुम्ही मला ओळखणार नाही, त्याच दिवशी मला उठून तुमच्याजवळ येता पण येणार नाही."

"हात शाबूत असतील तुझे."

"हातांना माणूस जवळ लागतो. उलटं बसवा हे."

"उलटं बसवलं तर तू विसरशील तेव्हा मी खुर्चीत. मग तुला घेऊन फिरेल कोण? बाबुराव?"

मालननं कागद पुन्हा पाहिला. बराच वेळ पाहिला. "राहू द्या," ती म्हणाली. "एकानं ओळखलं तरी पुरे."

गटानं पत्रक एकमतानं मंजूर केलं. प्रत्येक नावाला बाकीच्या चौघांपैकी दोघे सूचक आणि दोघे अनुमोदक, त्यामुळे भिडेचा प्रश्नच आला नाही. अर्ज घेऊन मी नगरपरिषदेत दुधाळ मॅडमकडे गेलो. त्या या खात्याच्या कारकून. पस्तिशीच्या, करड्या शिस्तीच्या आणि कागद दोनदा वाचणाऱ्या. त्यांनी पाळीपत्रक दोनदा वाचलं.

"असा अर्ज आजवर आलेला नाही," त्या म्हणाल्या.

"परिपत्रकात बसतो."

"बसतो," त्यांनी कबूल केलं. "पण एक अट घालावी लागेल. ज्या दिवशी जो यादीत, त्या दिवशी त्यानं दुसऱ्याला सांभाळायचं नाही. सांभाळताना आढळला तर तो अशक्त नव्हता असं धरलं जाईल. मग पाळी रद्द आणि पहिल्या दिवशीची यादी कायम. चालेल?"

मी पहिल्या दिवशीची यादी पाहिली. पत्रक ज्यानं केलं त्यानं पहिली झळ सोसावी, या आमच्या खात्याच्या रिवाजानं मी पहिली आठवणीची पाळी माझीच लावली होती. एक जुलै : पाय, मालन शेटे. हात, बाबुराव खोत. आठवण, दिगंबर शेटे. हे कायम झालं असतं तर ती जन्मभर खुर्चीत आणि मी जन्मभर तिला न ओळखता तिच्या समोर. पण मी 'चालेल' म्हणालो, कारण मुदतीला दोनच दिवस होते.

एक जुलैला काय झालं ते मला ठाऊक नाही. लीलाबाईंनी नंतर सांगितलं. मालननं खुर्चीतून मला सांगून पाहिलं की मी तिचा नवरा आहे. मी म्हणे उठून नमस्कार केला आणि म्हणालो, "बाई, काहीतरी गैरसमज होतोय. मी कालव्यावरचा माणूस, मला पाणी सोडायला जायचंय." आणि निघालो. लीलाबाईंनी मला कालव्याच्या पुलावरून हाताला धरून परत आणलं. मालन त्या दिवशी जेवली नाही.

बाकी पाळी छान लागली. पहिल्या दिवशी बाबुरावांचे हात गेले तेव्हा हौसाबाईंनी त्यांना भाकरी कुस्करून भरवली, तोंड पुसलं आणि केस विंचरले. बाबुराव एवढंच म्हणाले, "भांग जरा डावीकडं असतो माझा." हौसाबाईंनी पुन्हा विंचरले. बाबुरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पुसायला त्यांना हात नव्हते, तेही हौसाबाईंनीच पुसलं.

लीलाबाईंच्या आठवणीच्या दिवशी हौसाबाई मोकळ्या असतात. लीलाबाई दिवसभर आल्यागेल्याला सांगत होत्या, "ही बाई कोण आहे हो? फार मायेची आहे. भाकरी तर अशी करते, की आमच्या घरात कुणाला कधी जमली नाही." हौसाबाईंनी ते आळीभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता लीलाबाईंनी साफ नाकारलं. आता दर पाच दिवसांनी एकदा त्या ते म्हणतात आणि चार दिवस नाकारतात, आणि भिंतीच्या अलीकडून पलीकडे एक वाटी जाते-येते.

मालनच्या आठवणीच्या दिवशी मी तिला घेऊन फिरतो. मी नगरपरिषदेनं पाठवलेला माणूस आहे असं ती धरून चालते आणि माझ्याकडे तक्रारी करते. "तुम्ही नवीन दिसता. वरण अळणी करता. फोडणी शिकून घ्या." मी घेतली शिकून. परवा ती म्हणाली, "बरं झालंय. तुमच्या बायकोनं चांगलं वळण लावलंय तुम्हाला." मला इतकं बरं वाटलं, की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

माझ्या दिवशी मात्र मालनला त्रास व्हायचा. माझी आठवणीची पाळी जवळ आली की आदल्या दिवशी ती माझ्याकडे जरा जास्त बघायची आणि मी बघितलं की डबे आवरायला लागायची. मला वाटायचं, पत्रक चुकलंच. पाणी सगळ्यांना पुरलं, फक्त हिच्याच शेताला झळ लागली.

दिवाळीच्या आधी दुधाळ मॅडम अचानक तपासणीला आल्या. त्या दिवशी माझी आठवणीची पाळी होती. पुढचं सगळं लीलाबाईंनी सांगितलेलं आहे, आणि लीलाबाई मोकळ्या असल्या की खरं सांगतात.

सकाळी दहाला मी ओट्यावर आलो, टोपी घातली आणि एसटी स्टँड कुठल्या बाजूला म्हणून विचारलं. मला घरी जायचं होतं. मालन ओट्यावरच खुर्चीत होती. नवरा वगैरे सांगणं तिनं एव्हाना सोडून दिलं होतं. मी दोन पायऱ्या उतरलो आणि मागे वळून विचारलं, "बाई, तुम्ही एकट्याच? तुमचं माणूस कुठे गेलंय?"

"येतील," मालन म्हणाली.

"तुम्हाला उठता येत नाही वाटतं?"

"आज नाही."

"मग ते येईपर्यंत थांबतो," मी म्हणालो आणि तिच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसलो.

दुपारी साडेतीनला दुधाळ मॅडम आल्या तेव्हा मी तिथेच होतो. लीलाबाईंनी जेवायला आत बोलावलं तर गेलो नाही म्हणे. ताट पायरीवरच घेतलं. मॅडमनी वही उघडली. लीलाबाई आणि हौसाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. अट सगळ्यांना पाठ होती. मालननं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तुम्ही इथे काय करताय?" मॅडमनी मला विचारलं.

"काही नाही. या बाईंना उठता येत नाही, म्हणून बसलोय."

"सांभाळताय त्यांना?"

"छे. त्यांचं माणूस यायचंय. आलं की मी निघणार."

"या तुमच्या कोण?"

मी मालनकडे नीट पाहिलं म्हणे. "माहीत नाही," मी म्हणालो. "विचारलं नाही."

दुधाळ मॅडमनी परिपत्रक काढलं आणि उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग वहीत काहीतरी लिहिलं, हौसाबाईंनी दिलेलं पाणी प्यायल्या आणि गेल्या. काय लिहिलं ते कुणाला दिसलं नाही. त्या रात्री आळीत माझ्याशिवाय कुणाला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला मी ताळ्यावर आलो. मालनचे पाय परत आले होते आणि हात गेले होते. मी पोहे केले आणि तिला भरवायला बसलो, तेवढ्यात शिपाई अहवालाची प्रत देऊन गेला. चष्मा शोधून मी ती वाचली.

"मोठ्यानं वाचा," मालन म्हणाली.

मी वाचलं. "अशक्त क्रमांक तीन हे अशक्त क्रमांक एक यांच्याशेजारी सकाळी दहापासून बसलेले आढळले. भरवणे, उचलणे, न्हाऊ घालणे, औषध देणे यांपैकी काहीही करताना आढळले नाहीत. नाते विचारता सांगता आले नाही. त्या एकट्या होत्या म्हणून थांबल्याचे सांगितले. नुसते बसणे हे सांभाळण्याच्या व्याख्येत नमूद नाही. हरकत नाही. पाळी चालू ठेवावी."

मी चमचा पुढे केला. तिनं तोंड उघडलं नाही. "पुन्हा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. मग तिनं पोहे खाल्ले, सगळे. दुसऱ्या दिवशी तिची आठवणीची पाळी होती, म्हणून मी ते तिसऱ्यांदाही वाचलं.